शिकलेल्यांची रांग

‘माणूस शिकला की देवळात जाणे कमी होते’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनी एकदा उज्जैनला जावे. महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. लिहिण्या-वाचण्यात, हिशेबात मुरलेला माणूस! आज पहाटेच्या भस्मारतीचे बुकिंग ऑनलाइन होते. ते करणारे काय निरक्षर असतात? २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ झाल्यावर तर गर्दी आणखीच वाढली. शिक्षणाने देऊळ सुटले नाही, फक्त रांग बदलली. शिकलेला पैसे भरून शीघ्रदर्शनाला जातो, खेड्यातली म्हातारी साध्या रांगेत ताटकळते. शिकलेल्याच्या भक्तीबद्दल माझी तक्रार नाही. पण म्हातारीला मागे टाकून पुढे जाताना त्याला काहीच वाटत नसेल, तर तो शिकला तरी काय?