गाय किती लिटर देते, हे नंतर विचारा

बाजारात जा, नाहीतर एखाद्या योजनेचा फॉर्म भरा. गायीबद्दल पहिला प्रश्न एकच : दूध किती? वीस लिटर म्हटलं की एक भाव, पंचवीस म्हटलं की दुसरा. पण ही गाय आपल्या गावच्या मे महिन्यात गाभण राहील का, हे कुणी विचारत नाही. मी दूध घालणाऱ्या घरातला माणूस आहे. माझं स्पष्ट मत आहे की दुधाचा धंदा इथंच बुडतो.

आधीच सांगतो, संकरित गायीला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ सुरू केली, पुढं गोठवलेल्या रेताची कांडी दारोदार पोचली आणि कोरडवाहू घरांत रोजचा पैसा आला. हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

घोळ झाला तो पुढच्या पिढ्यांत. हिशोब सोपा आहे बघा. गावरान गायीला एचएफची कांडी भरली, कालवड झाली ५० टक्के एचएफ. तिला परत एचएफ भरली, ७५ टक्के. तिच्या कालवडीला परत तीच, ८७.५ टक्के. दूध वाढत गेलं, पण आजीकडून आलेली ऊन सोसायची, गोचिडाला आणि निकस चाऱ्याला तोंड द्यायची ताकद प्रत्येक पिढीत निम्मी होत गेली. पहिल्या पिढीत संकराचा जो जोम दिसतो, तोही पुढं टिकत नाही. म्हणून तर आपल्याकडच्या तज्ज्ञांनी विदेशी रक्त साधारण ५० ते ६२.५ टक्क्यांवर थांबवा, असं सांगितलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी बघा : निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. ब्राझीलनं आपलीच गीर नेली आणि पाच भाग होल्स्टीन, तीन भाग गीर असं प्रमाण कायम करून गिरोलांडो उभी केली. आपण मात्र डॉक्टरांच्या नळीत जी कांडी असेल ती भरत राहिलो.

आता हवामानाचं. थंड देशातली ही गाय २५ अंशांपर्यंत सुखात असते. पण नुसतं तापमान बघून चालत नाही, हवेतला दमटपणाही धरावा लागतो. दोन्ही मिळून जो निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गायीला ताण सुरू होतो. विदर्भात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो येतो साधारण ८४. कोकणात ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ८८! म्हणजे थर्मामीटर कमी दाखवतो तिथं गाय जास्त धापा टाकते, कारण घाम वाळतच नाही. विदर्भात फॉगर आणि पंखा मिळून काम करतात; कोकणात फॉगरनं दमटपणा आणखी वाढतो, तिथं मोकळा वारा आणि पंखाच हवा. एकच गोठ्याचा नकाशा सगळ्या जिल्ह्यांना कसा चालेल?

ऊन लागलं की गाय चारा कमी खाते, दूध उतरतं, फॅटही घसरते. आणि फॅट ३.५ च्या खाली गेली की दर कापला जातो. हे नुकसान रोजच्या पावतीवर दिसतं तरी. दिसत नाही ते गर्भाशयातलं. माज मुका होतो, थोडा वेळ टिकतो, बऱ्याचदा रात्री येऊन जातो. रेतन वेळेवर झालं तरी पहिल्या आठवड्यातला गर्भ उष्णतेनं जातो आणि गाय उलटते. उन्हाळा संपल्यावरही महिना-दीड महिना हा परिणाम राहतो.

एकदा उलटली की २१ दिवस गेले. चारा-पेंडीचे दिवसाला २५० रुपये धरा. तीनदा उलटली तर ६३ दिवस, म्हणजे पावणेसोळा हजार. कांड्यांचा, औषधांचा खर्च वेगळा. पंचवीस लिटरची गाय दोन वर्षांनी वासरू देणार असेल तर तिच्यापेक्षा वर्षा-सव्वा वर्षाला विणारी बारा लिटरची गाय कर्ज फेडायला बरी.

"मग गावरानच पाळा" म्हणणाऱ्यांनाही विचारतो : दोन-चार लिटरवर बँकेचा हप्ता कोण भरणार? देवणी, गवळाऊ, कोकण कपिला जपल्याच पाहिजेत, पण तो भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका.

मला तीन गोष्टी हव्यात.

१. गाय विकताना, अनुदानावर देताना तिचं विदेशी रक्त किती टक्के आणि मागच्या दोन वेतांतलं अंतर किती, हे लेखी द्या. कानात बारा आकडी बिल्ला आहेच. प्रत्येक कांडीची जात आणि वळूचा नंबर त्यावर चढलाच पाहिजे.

२. विभागवार कांडी ठेवा. ७५ टक्क्यांच्या पुढं गेलेल्या गायीला गीर, साहिवालची किंवा चांगल्या संकरित वळूची कांडी तालुक्याला मिळाली पाहिजे.

३. थंड भागातली गाय ऐन उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात नेऊन उतरवू नका. वाटप करायचंच तर थंडीत करा, आणि गायीच्या आधी सावली, पाणी, मुरघास बघा.

हे फुकट होणार नाही, पण भाकड गायींवर गावोगावी जो पैसा जातोय, तोही आपलाच आहे ना?

तुमच्या गोठ्यातली गाय शेवटची कधी व्याली आणि किती वेळा उलटली, हे तालुक्याच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. पुढच्या ग्रामसभेत हे आकडे मांडता येतील.