पाच बोल्ट, एक चांदणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडीनं नाशिकला निघालो. राजगुरुनगरपाशी चाक पंक्चर! स्टेपनी चढवली, निघालो. नारायणगाव येईतो चाकातून ‘खटक् खटक्’ ऐकू यायला लागलं. उतरून पाहतो तर दोन बोल्ट चक्क हातानं फिरत होते. अंगावर काटाच आला.

चूक आमचीच. पाचही बोल्ट एकापाठोपाठ एक, गोलगोल आवळले होते. त्यानं चाक एका बाजूला आधी दाबलं जातं, तिरकं बसतं. मग धक्क्यांनी सरळ होतं आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून चांदणी काढायची. एक आवळला की शेजारचा सोडून पलीकडचा. आधी सगळे बेतानं, मग जॅक उतरवून पक्के.

पक्के म्हणजे पान्यावर उभं राहून? छे! बोल्ट आवळताना स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानंच चाक धरून ठेवतो. जास्त ताणला, तर कायमचा लांबतो किंवा तुटतो. चाकणला २००९ ते २०२२ या काळात बनलेल्या पोलो गाडीच्या बोल्टचं माप आहे १२० न्यूटन-मीटर. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साधारण १२ किलो वजन टांगल्याएवढा जोर. तो मोजणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा पिंपरी-चाकणच्या कारखान्यात असतील, तर त्यांना विचारा, ते छान सांगतील.

चाक बदललं की पन्नासेक किलोमीटरवर बोल्ट पुन्हा तपासायचे. त्याची आठवण करायचं काम आता आमच्या चौथीतल्या लेकीकडे आहे!