बडोद्याची जुनी चित्रे आणि चौकटीबाहेरचा माणूस



बडोदे शहराची जुनी छायाचित्रे हल्ली घरोघर येऊन पोहोचली आहेत. ती दिनदर्शिकांवर छापली जातात, हातातल्या फोनवरून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, बडोदा कॉलेजचा प्रचंड घुमट, मांडवीची कमान, सुरसागर तलाव! चित्राखाली बहुधा एकच उसासा असतो : गेले ते वैभवाचे दिवस. लक्ष्मीविलास असला तर तो लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे, हेही सांगितले जाते. हे मोजमाप कोणी घेतले ते मथळा सांगत नाही. पण ते राहू द्या. आपल्या मुलाने असे चित्र समोर धरून "हे कोणाचे?" असे विचारले, तर आपण काय उत्तर देणार?

आपल्यापैकी काहींचे उत्तर ठरलेले असते. राजवाडे राजांचे, त्यांच्याशी आपला संबंध काय? मला हे उत्तर मान्य नाही. चित्राकडे पाठ फिरविणारा आणि चित्रापुढे हात जोडणारा, दोघेही चित्र वाचीत नाहीत. आणि न वाचलेले चित्र दुसऱ्याच्याच बाजूने साक्ष देत राहते.

ही चित्रे निघाली कशी, ते आधी ध्यानात घ्या. गेल्याच्या गेल्या शतकाच्या मध्यास काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र घेत. उजेड पट्टीवर कित्येक सेकंद पडू द्यावा लागे. इमारत स्थिर, म्हणून ती दगडन् दगड उमटे. रस्त्याने जाणारा माणूस हलता, म्हणून तो पुसट होई, नाहीतर मुळीच उमटत नसे. त्या काळच्या चित्रांतील रस्ते ओस दिसतात ते एवढ्यासाठी. झाडू मारणारा, ओझे वाहणारा, पाणी भरणारी, ही सारी माणसे तेथे होती. ती कामात होती म्हणून चित्रात नाहीत! पुढे कोरड्या पट्ट्या आल्या, वेळ कमी लागू लागला, तरी राजवाड्यापुढे माणूस उभा करीत तो बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून. तो मोजपट्टी म्हणून उभा असे. मोजपट्टीला नाव कोण विचारतो?

नावे आहेत ती इतरांची. लक्ष्मीविलासचा आराखडा मेजर चार्ल्स मॅन्टचा. तो 1881 साली वारला आणि रॉबर्ट फेलोज चिझम याने काम पुढे नेले. 1890 साली वाडा पूर्ण झाला. हिंदू, मुसलमानी आणि युरोपीय अशा साऱ्या घडणी त्यात एकत्र आणल्या आहेत. दगड सोनगडचा, निळसर पाषाण पुण्याकडचा, संगमरवर राजस्थानचा आणि इटलीचा. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची. दगडाचे गाव आपणास सांगितले जाते. तो दगड फोडणाऱ्या पाथरवटाचे, चुना मळणाऱ्या बाईचे, पाटी डोक्यावरून परातीपर्यंत चढविणाऱ्या मजुराचे गाव कोणी सांगत नाही. ज्या वसुलीतून हे उभे राहिले ती शेतसाऱ्याची वसुलीही चित्रात येत नाही. तेव्हा "हे कोणाचे?" या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आपलेही आहे, कारण कष्टाचा आणि कराचा वाटा या देशातील श्रमिकांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, महाराज सयाजीरावांविषयी तुम्ही कृतघ्नपणे बोलता. मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसला आणि त्याने जे केले ते त्या काळच्या फार थोड्या संस्थानिकांनी केले. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. 1906 साली त्यांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1913 साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. हे ऋण आपण मानतो. पण मला सांगा, त्या शाळांचे चित्र कोणत्या दिनदर्शिकेवर आहे? वैभव म्हणून जे छापले जाते त्यात घुमट आहेत, हत्ती आहेत, सोन्या-चांदीच्या तोफा आहेत. पाटी घेतलेले आपले मूल नाही. सयाजीरावांचे खरे काम त्यांच्या चाहत्यांनीच चौकटीबाहेर ठेवले आहे.

आणि आता 1917 साल. करारान्वये नोकरी करण्यासाठी बाबासाहेब बडोद्यास परतले. त्यांना उतरून घेण्याची आज्ञा महाराजांनी दिली होती, पण स्थानकावर कोणी फिरकले नाही. जिच्या इमारतींची चित्रे आपण पाहतो त्या नगरीत त्यांना खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या पथिकाश्रमात राहिले, वरच्या मजल्यावर, मोडक्या सामानाच्या अडगळीत, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात. कचेरीत शिपाई कागद दुरून फेकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे वचन घेऊन गेला. एका हिंदू मित्राने नोकर निघून जातील असे सांगितले. एका ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. ते जोडपे मूळचे ब्राह्मण होते. धर्म बदलला होता, स्वयंपाकघर बदलले नव्हते! धर्मांतरित कुटुंबांनो, हे वाक्य आपल्यासाठीही आहे. आपल्या चुलीपाशी पोटजात अजून बसली असेल तर तिला उठवा.

रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढला. ही बाग म्हणजेच 1879 ची सयाजीबाग, विश्वामित्री नदीकाठची. तिच्यातच 1894 चे वस्तुसंग्रहालय आहे. त्या संग्रहालयाची जुनी चित्रे पुष्कळ पाहावयास मिळतात : हिरवळ, वाटा, झाडे, मागे डौलदार इमारत. ज्या बागेत हा माणूस रडला तीच ही बाग, असे किती चित्रांखाली लिहिलेले असते?

येथेच राजाची कृपा आणि माणसाचा हक्क यांतील भेद कळतो. राजाची आज्ञा शिष्यवृत्ती देऊ शकली, खोली देऊ शकली नाही. आज्ञा मोडणाऱ्यास कायद्याचे भय नव्हते आणि अपमान सोसणाऱ्यास दाद मागावयाची जागा नव्हती. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले. त्याचा पंधरावा अनुच्छेद काढा आणि ही चित्रे शेजारी ठेवा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक वापराच्या जागा. बाजाराचे चित्र, तलावाचे चित्र, रस्त्याचे चित्र, बागेचे चित्र! संविधानाने जणू जुन्या शहराचा एकेक फोटो हाती घेऊन त्याच्यावर आपला प्रवेश लिहून दिला आहे. वैभवाचे दिवस गेले म्हणून जे उसासे टाकतात त्यांना विचारा, या यादीतील कोणती जागा तुम्ही आम्हांस पुन्हा बंद करू इच्छिता?

तरी खोलीचा प्रश्न संपलेला नाही. भाड्याने घर मागावयास गेलेल्या आपल्या तरुणांना आजही आधी आडनाव विचारले जाते. म्हणून बडोद्याची चित्रे प्रकाशित करणाऱ्यांकडे मागणी करावयास हवी : बागेच्या चित्राखाली 1917 लिहा, सयाजीरावांच्या चित्राशेजारी त्या शाळा दाखवा, राजवाड्याच्या चित्राखाली मजुरांचा उल्लेख करा. शाळांच्या भिंतींवर, प्रदर्शनांत, छापील ग्रंथांत, जेथे जेथे ही चित्रे दिसतील तेथे पत्र लिहून हे विचारा.

आणि स्वतः बडोद्यास जा. तिकीट काढून दरबार हॉल पाहा, मुलांना मोझेकची जमीन दाखवा. तेथून सयाजीबागेत या. संकल्पभूमी कोठे आहे ते कोणीही सांगेल. राजवाड्यापुढे साऱ्या कुटुंबाचा एक फोटो घ्या, आणि तो छापून झाल्यावर मागे शाईने प्रत्येकाचे नाव लिहा, आडनावासकट, गावासकट.