दुखत नाही म्हणून थांबू नका



आजचा विषय थोडा संकोचाचा आहे, पण मोकळेपणानेच लिहिणार आहे. घरात गरोदर सून किंवा लेक असली की आपल्याकडे काळजीला तोटा नसतो. डोहाळजेवणाला साडी कोणती, झबली कोण शिवणार, बाळंतपण माहेरी की सासरी, सगळं आधीच ठरलेलं असतं. पण तीच मुलगी हळूच म्हणाली की "अंगावरून पाण्यासारखं जातंय" किंवा "ओटीपोटात जड जड वाटतंय", की उत्तर ठरलेलं: "होतं असं. आम्हालाही व्हायचं."

माझं स्पष्ट मत आहे की गरोदर बाईच्या घरातून हे "होतं असं" कायमचं बाहेर गेलं पाहिजे.

आपली चूक एकाच ठिकाणी होते. आपण धोका मोजतो तो दुखण्यावर. बाळंतपण म्हणजे कळा, म्हणून कळा नाहीत तोवर सगळं ठीक, असा आपला हिशेब. पण गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागतं तेव्हा ते दुखेलच असं नाही. बटव्याची नाडी सैल होताना कधी आवाज येतो का? तसंच हे. नऊ महिने पिशवीचं तोंड लांब, घट्ट आणि मिटलेलं असायला हवं. शेवटी शेवटी ते मऊ होतं, आखूड होतं आणि मग उघडतं. काही जणींमध्ये हेच पाचव्या-सहाव्या महिन्यात होऊ लागतं, तेही फारसं न दुखता. कळा सुरू होईपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजतात. जगात दर दहा बाळांमागे सुमारे एक असं जन्मतं. म्हणजे ही क्वचित घडणारी गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या नात्यात एखादं तरी असं बाळ असेलच.

आता खुणा सांगते. त्या इतक्या साध्या आहेत की म्हणूनच दुर्लक्ष होतं:

- अंगावरून जाणं बदललं: एकदम वाढलं, पाण्यासारखं पातळ झालं, शेंबडासारखं चिकट झालं किंवा त्यात गुलाबी, तांबूस छटा आली.
- ओटीपोटात दाब वाटतो, बाळ खाली उतरल्यासारखं वाटतं.
- कंबर खालच्या बाजूला मंद दुखत राहते, कूस बदलली तरी थांबत नाही. आधी असं दुखत नव्हतं.
- पाळीच्या दिवसांसारखं पोट दुखतं. कधी सोबत जुलाब होतात.
- पोट ठरावीक अंतराने दगडासारखं कडक होतं आणि सैल पडतं. दर दहा मिनिटांनी, किंवा तासाभरात सहा किंवा जास्त वेळा असं झालं, तर दुखो वा न दुखो, निघायचं.
- पाणी जातं. एकदम भळकन गेलं तरी, थेंब थेंब ओलं होत राहिलं तरी.
- रक्ताचा डाग दिसतो, मग तो कितीही लहान असो.

यातली प्रत्येक खूण म्हणजे संकटच असं नाही. बऱ्याचदा डॉक्टर तपासून घरी पाठवतात, आणि तसं झालं तर रिक्षाचे पैसे फुकट गेले असं अजिबात समजू नका. काही नाही हे कुणी सांगायचं, तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी. आपण गॅससमोर उभं राहून नाही.

आमच्या कात्रपमधलीच एक सून. कोण ते सांगत नाही. एकविसावा आठवडा होता. दोन दिवस पांढरं जास्त जात होतं आणि खाली ओढल्यासारखं वाटत होतं. घरातली माणसं वाईट नाहीत हो, जीव लावणारी आहेत. "पाय उंच करून झोप, बरं वाटेल" म्हणाली. ती झोपून राहिली. तिसऱ्या रात्री दवाखान्यात पोचली तेव्हा पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं होतं. बाळ राहिलं नाही. पुढच्या खेपेला तिने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेराव्या आठवड्यात टाका घातला गेला, आणि आज तिची मुलगी आमच्या जिन्यात पायऱ्या मोजत खेळते.

हा टाका कुणी शोधला माहीत आहे? आपल्याच बाजूच्या माणसाने. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. त्यांच्यासमोर अशा बायका येत ज्यांची गर्भधारणा दरवेळी मधल्या महिन्यांतच संपत होती. त्या काळी अशा बाईला नशिबाचा, नाहीतर पूर्वकर्माचा दोष लागायचा. शिरोडकरांनी दोष शोधला तो पिशवीच्या सैल पडणाऱ्या तोंडात. बाईच्याच मांडीतल्या पडद्यासारख्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी ते तोंड बांधलं, अगदी बटव्याची नाडी आवळावी तसं. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनल्ड यांनी तिचा सोपा प्रकार मांडला. आज बहुधा कृत्रिम धागा किंवा फीत वापरतात, पण 'शिरोडकर टाका' हे नाव जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी ते गेले.

पण मैत्रिणींनो, टाका वेळेवरच घालता येतो. आधी असं बाळ गेलेलं असेल तर साधारण १२ ते १४ आठवड्यांत. नाहीतर सोनोग्राफीत तोंड आखूड होताना दिसलं तर. पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असेल आणि २४ आठवड्यांच्या आत ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसली, तर डॉक्टर टाक्याचा विचार करतात. तसा इतिहास नसेल तर बहुतेकदा आधी प्रोजेस्टेरॉन देतात. प्रत्येकीला टाका लागत नाही, आणि टाका म्हणजे हमीही नाही. पण कळा सुरू झाल्यावर मात्र तो घालता येत नाही. म्हणून सगळी मदार लवकर सांगण्यावर आहे.

उशीर झाला तरी हातात काहीच नाही असं नसतं. साधारण २४ ते ३४ आठवड्यांत बाळ लवकर येण्याची शक्यता दिसली, तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. पण त्या औषधाचा नीट परिणाम व्हायला एखादा दिवस तरी लागतो. "सकाळी बघू" म्हणून आपण घालवलेली रात्र नेमकी तीच असू शकते.

आणि ते पाय उंच करून झोपणं? दमलेल्या बाईला विसावा हवाच, पण नुसतं पडून राहिल्याने अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. विश्रांती म्हणजे तपासणी नव्हे.

तसंच ते "सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही". हे साफ चुकीचं आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. महिने मोजणं सोडा, डॉक्टर मोजतात तसे आठवडे मोजा.

आता आपल्या घरांपुरतं. पर्युषण जवळ आलं की गरोदर मुलीही अठाईची नाही तरी एखाद्या उपवासाची इच्छा धरतात. भाव चांगलाच आहे. पण अंगातलं पाणी कमी झालं की पोट कडक होऊ लागू शकतं. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, शरीराची समाधी बिघडली तर सवलत आहे. म्हणून तप करायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं, मग महाराजसाहेबांना. आणि चौविहार आहे म्हणून रात्री त्रास सांगायचाच नाही, हा कुठला धर्म?

दुसरी गोष्ट, प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचं आवरण बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. काही जणी हे कळल्यावर गुपचूप औषध बंद करतात. असं करू नका. हे औषध जेलच्या रूपातही मिळतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ते रागावत नाहीत.

नोकरीवाल्या सुनांसाठी एक. बदलापूरहून लोकल पकडायची म्हणून पाणी प्यायचं नाही आणि ऑफिस येईपर्यंत लघवी दाबून ठेवायची, हे गरोदरपणात चालणार नाही. लघवीचा संसर्गही वेळेआधी कळा आणू शकतो. जळजळ झाली तर त्याच आठवड्यात तपासणी.

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. आईला त्रास नको म्हणून गर्भातले वर्धमान निश्चल झाले, तेव्हा त्रिशला मातेला ते लगेच जाणवलं. ती व्याकूळ झाली आणि राजवाड्यातलं गाणं-वाजवणं थांबलं. दरवर्षी ऐकतो, पण आईच्या जाणिवेवर सगळ्या वाड्याने विश्वास ठेवला, ही गोष्ट आपण घरी आणतो का?

आपल्या बदलापूरकरांना २७ जुलै २०१९ आठवत असेल. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजारावर प्रवाशांत नऊ गरोदर बायका होत्या. बोटी आल्या, हेलिकॉप्टर आली, डॉक्टरांच्या पथकात स्त्रीरोगतज्ज्ञही आले. पुराच्या पाण्यात डॉक्टर बाईपर्यंत पोचले. कोरड्या रस्त्यावर आपण बाईला डॉक्टरांपर्यंत नेऊ शकत नाही का?

प्रत्येक घराने एवढं करावं. पहिल्याच भेटीत आधीचा गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, क्युरेटिंग, पिशवीच्या तोंडावरचं ऑपरेशन, सगळं डॉक्टरांना सांगावं. लग्नाआधीचं असलं तरी, आणि तेव्हा सासूबाईंनी दोन मिनिटं बाहेर बसावं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला "पिशवीच्या तोंडाची लांबी किती?" असं विचारावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी काचेच्या पेटीची आणि अतिदक्षतेची सोय कुठल्या दवाखान्यात आहे, हे आधीच फोन करून लिहून ठेवावं. पावसाळ्यात तर नक्कीच. १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट येते, तो नंबर फ्रिजवर चिकटवावा.

मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच घर सांभाळणारी बाई आहे. पण सासूबाईंना, मोठ्या जावांना, नणंदांना माझी हात जोडून विनंती आहे. ती काही सांगेल तेव्हा तिला प्रश्न विचारत बसू नका. आधी चप्पल घाला.