गावचा क्लब, गावचा नॅट

क्रिकेटच्या गदारोळात फुटबॉलपटूंची नावे आपल्या घरांत फारशी पोचत नाहीत. पेले, मॅराडोना इथवर आपली धाव. म्हणून आज आम्ही वाचकांस अशा एका खेळाडूची ओळख करून देत आहोत, ज्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकाच क्लबचा शर्ट घातला आणि तो क्लब होता त्याच्या जन्मगावचा. नॅट लॉफ्टहाऊस त्याचे नाव.

बोल्टन हे तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरचे सूतगिरण्यांचे गाव होते. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या खपल्या, त्या कुटुंबांना लँकेशायर हे नाव परके नाही. आपल्या गिरण्यांतील कितीतरी यंत्रे तिकडूनच आली होती. अशा या गावात २७ ऑगस्ट १९२५ रोजी एका कष्टकरी घरात नॅट जन्मला. १९३९ च्या सप्टेंबरात, युद्ध पुकारले गेले त्याच सुमारास, बोल्टन वाँडरर्स क्लबने या १४ वर्षांच्या पोराला करारात घेतले. युद्धकाळात कोळशाची टंचाई पडली तेव्हा सरकारने काही तरुणांना सैन्याऐवजी खाणीत धाडले, त्यात नॅटही होता. पहाटे साडेतीनला उठायचे, आठ तास कोळशाच्या गाड्या ढकलायच्या आणि मग मैदान गाठायचे! चंद्रपूर-वणीकडच्या वाचकांना हे काम काय असते ते सांगायला नको. त्याच्या अंगातली ताकद खाणीतली होती, असे तो पुढे सांगत असे.

९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडेन पार्क मैदानावर प्रचंड गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३३ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. नॅट त्या सामन्यात खेळत होता. मृतदेह मैदानाकडेला ठेवून सामना पुरा केला गेला! माणसाच्या जिवाची किंमत तिकिटाइतकीही नव्हती काय, असा प्रश्न आम्हाला आजही पडतो.

त्याची खरी कीर्ती झाली २५ मे १९५२ रोजी व्हिएन्नात. ऑस्ट्रियाविरुद्ध २-२ अशी बरोबरी होती. चेंडू मिळताच नॅट अर्धे मैदान एकटा धावला. गोलरक्षक अंगावर आला, दोघांची धडक झाली, नॅट बेशुद्ध पडला आणि चेंडू जाळ्यात गेला. त्याला उचलून बाहेर नेले, तरी तो परत येऊन खेळला. तेव्हापासून तो ‘व्हिएन्नाचा सिंह’ झाला. इंग्लंडसाठी ३३ सामन्यांत ३० गोल ही त्याची कमाई.

१९५३ मध्ये एफए कपचा अंतिम सामना बोल्टन ३-४ असा हरले. १९५८ मध्ये मात्र कप गावात आला. त्या अकरा खेळाडूंवर क्लबने करारासाठी खर्च केले होते प्रत्येकी १० पौंड. आम्ही हिशेबाचे माणूस, लगेच बेरीज केली: एकूण ११० पौंड! समोर होते मँचेस्टर युनायटेड, ज्यांचे आठ खेळाडू तीनच महिन्यांपूर्वी म्युनिकच्या विमान अपघातात गेले होते. सारा देश युनायटेडच्या बाजूने होता. नॅटने दोन्ही गोल केले. दुसऱ्या वेळी त्याने गोलरक्षक हॅरी ग्रेगला खांद्याने ढकलून चेंडूसकट जाळ्यात टाकले. हा फाऊल होता, हे पुढे त्याने स्वतः मान्य केले. कप परत करता येत नाही, पण कबुली देता येते.

खेळणे संपले १९६० मध्ये. त्या काळी कितीही मोठा खेळाडू असला तरी पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. ती १९६१ मध्ये उठली, म्हणजे नॅट निवृत्त झाल्यावर. बंगला-गाडीची पुंजी कुठली? तो त्याच क्लबात प्रशिक्षकांचा मदतनीस म्हणून राहिला. ज्या मैदानावर टाळ्या घेतल्या, तिथेच पोरांना धडे देऊ लागला.

१९६८ मध्ये क्लबने त्याला मॅनेजर केले. वाचकहो, इथे गोष्ट गोड होत नाही. संघ दुसऱ्या श्रेणीत रेंगाळला. १९७० च्या अखेरीस नॅट बाजूला झाला. नवा मॅनेजर अवघ्या १८ दिवसांत सोडून गेला, तेव्हा नॅटला पुन्हा संघ सांभाळावा लागला. त्या हंगामात बोल्टन इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत घसरले. गोल करणे वेगळे, अकरा जणांकडून गोल करवून घेणे वेगळे. चांगला कामगार म्हणजे चांगला फोरमन असे नसते, हे कारखान्यात आपण पाहतोच.

पण मॅनेजरकी जमली नाही म्हणून त्याने गाव सोडले नाही. खेळाडू हेरण्याचे काम केले, पुढे पाहुण्यांच्या विभागाची व्यवस्था पाहिली. १९८५ मध्ये साठीच्या वयात, मॅनेजरची जागा रिकामी पडली तेव्हा काही दिवस पुन्हा संघ हाती घेतला. १९८६ मध्ये क्लबने त्याला अध्यक्ष केले. १९८९ मध्ये गावाने मानाचे नागरिकत्व दिले.

१५ जानेवारी २०११ रोजी तो वारला. क्लबच्या नव्या मैदानातील पूर्वेकडच्या स्टँडला त्याचे नाव आहे आणि २०१३ पासून बाहेर त्याचा पुतळा उभा आहे.