‘पूर्वी पोटाचं डायलिसिस व्हायचं’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांच्या घरी कुणी पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, करत असेल किंवा पूर्वी करत होतं, त्यांनी हे आवर्जून वाचावं.

या उपचारात पोटातलं पातळ अस्तरच गाळणीचं काम करतं. बॅगेतून पोटात सोडलेल्या पाण्यातली साखर शरीरातलं जादा पाणी ओढून घेते. पण वर्षानुवर्षं तीच साखर आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग अस्तराला इजा करतात. मोजक्या रुग्णांत ते जाड, कडक होतं आणि कोशासारखं आतड्यांना आवळतं. जपानमध्ये १,९५८ रुग्णांच्या पाहणीत ४८ जणांना हा विकार झाला. त्यांतल्या ३३ जणांना तो हे डायलिसिस थांबल्यावर झाला. म्हणजे मशीनवरचं डायलिसिस सुरू झालं किंवा नवी किडनी बसली, तरी गाफील राहून चालत नाही.

दोन घासांत पोट भरणं, उलट्या, पोट दुखणं-फुगणं, वजन घटणं, बॅगेत रक्तमिश्रित पाणी येणं, यांतलं काही दिसलं तर पित्त म्हणून अंगावर काढू नका. किडनीच्या डॉक्टरांकडे जा आणि किती वर्षं बॅगा लावल्या, किती वेळा संसर्ग झाला, हे सांगा. पोटाचा क्षयही असाच दिसू शकतो, म्हणून तपासणी हवीच. वेळेत कळलं तर डायलिसिसची पद्धत बदलणं, आहार, औषधं आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत.

भीतीपोटी उपचार मात्र स्वतःहून बंद करू नका. बॅग बदलताना प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, मास्क लावा. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर ती बॅग घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. या डायलिसिसला पाच वर्षं झाली असतील, तर ‘माझं अस्तर कसं आहे?’ हे डॉक्टरांना विचारा.

तालीम मंडळांना आणि शेजाऱ्यांना कळकळीची विनंती : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते बंद पडले, घरं पाण्यात गेली. पुन्हा पंचगंगेचं पाणी वाढलं, तर गल्लीतल्या अशा रुग्णाला आधी हलवा. त्याच्या बॅगांचे खोके कोरडे ठेवा आणि त्याला एक स्वच्छ, बंद खोली मिळवून द्या. तिथे टळलेला प्रत्येक संसर्ग त्याचं अस्तर जपतो.

आपले नम्र,
डायलिसिस रुग्णांचे नातेवाईक, कोल्हापूर