तेल गळतंय की इंजिन गुदमरतंय?

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींबद्दल एक विनोद सांगतात: गाडीखाली तेलाचा डाग दिसला नाही तर काळजी करा, इंजिनातलं तेल संपलं असणार! ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन आणि त्याच गोतावळ्यातली आपली बुलेट, सगळ्यांवर हा शिक्का आहे. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि ती आपली झाली. आमच्या बेळगाव भागात आजोबांची बुलेट जपून ठेवलेली घरं अजून आहेत. तिच्याखाली पसरलेला पुठ्ठा आणि त्यावरचा काळा डागही आहे. "ही गळायचीच" म्हणून तो सोडून दिला जातो, नाहीतर मिस्त्रीकडे नेऊन पॅकिंग बदललं जातं. चार महिन्यांनी डाग पुन्हा हजर.

वाचकहो, पॅकिंगला हात लावण्याआधी इंजिनाचा श्वास तपासा, एवढंच मला सांगायचं आहे.

कुकरच्या शिट्टीत डाळीचा कण अडकला की रिंगमधून वाफ फुसफुसायला लागते. घरातली बाई लगेच नवी रिंग आणायला पळत नाही, आधी शिट्टीची नळी साफ करते. इंजिनाचंही तसंच आहे. पिस्टनच्या वर स्फोट होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये काय होतं याकडे कोणाचं लक्ष नसतं. ३५० बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टन खाली येताना दर वेळी ३४६ सीसी हवा खाली ढकलतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० वेळा! शिवाय रिंगांच्या फटीतून निसटलेला थोडा जळका वायू असतोच. या सगळ्याला बाहेर पडायला वाट हवी. तीच ब्रीदर नळी. ती तुंबली की दाब स्वतःची वाट शोधतो आणि जिथे सांधा कच्चा तिथून तेल घेऊन बाहेर येतो.

दोन सिलिंडरच्या गाड्यांत हे दुखणं मोठं. एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली आणलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. बीएसए आणि नॉर्टनच्या ट्विन गाड्याही त्याच वळणाच्या. पुढे इंजिन ६५० चं झालं तेव्हा एका फेऱ्यात सुमारे ६५० सीसी हवा आत-बाहेर हलू लागली. त्यासाठी ट्रायम्फने कॅमशाफ्टच्या टोकाला छिद्रांची एक फिरती चकती बसवली होती, योग्य क्षणी उघडणारी, योग्य क्षणी मिटणारी. १९७० च्या सुमारास ती काढून टाकली आणि क्रँककेसमधली हवा शेजारच्या प्रायमरी चेनच्या ऐसपैस कप्प्यात सोडून तिथून जाड नळीने बाहेर काढली. हवा मोठ्या जागेत आली की मंदावते, तेलाचे थेंब खाली बसतात. मला ही दुसरी सोय जास्त आवडते. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

कारागिरीचा दोष अजिबात नव्हता असं नाही. या इंजिनांचं क्रँककेस उभं चिरलेलं, डावा-उजवा असे दोन भाग बोल्टने आवळलेले. सांधा थेट तळापर्यंत, जिथे तेल साचतं तिथेच. १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये तो आडवा आला आणि फरक लोकांना दिसला.

येझदीवाल्यांनी इथे हसू नये. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधल्या दाबावरच इंजिन चालतं, त्यामुळे तिथे ब्रीदरचा प्रश्नच नाही.

आता बुलेट. जुन्या गाड्यांत ब्रीदरच्या नळीला रबराची चपटी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. लोहाराच्या भात्यातल्या झडपेसारखंच तिचं काम: हवा एकाच दिशेने जाऊ द्यायची. पिस्टन खाली आला की चोच उघडते, वर गेला की मिटते. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राहतो आणि सांध्यांवरचं तेल बाहेर येण्याऐवजी आत ओढलं जातं. उष्णतेने आणि तेलाने हे रबर कडक होतं, चिरतं, कधी ओठ चिकटूनच बसतात. झडप काढा, पुसा, तोंडाने फुंकून पाहा. एका बाजूने हवा गेली पाहिजे, उलट बाजूने नाही. दोन्हीकडून गेली किंवा कुठूनच गेली नाही, तर नवी बसवा. गाडी बरेच महिने उभी असेल तर नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं आहे का तेही बघा. नळीला घडी पडलेली नको आणि तिचं टोक मागच्या टायरवर रोखलेलं तर मुळीच नको. वळणावर तेलकट टायर जिवावर बेततो.

नळी मोकळी, झडप चांगली, आणि तरी गरम इंजिनात ब्रीदरमधून धूर सतत येत असेल, सायलेन्सरही निळा धूर सोडत असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजलेला आहे. तिथे पॅकिंग काय करणार?

उलट पॅकिंगऐवजी सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळणारे असतात, त्यांच्यापासून गाडी सांभाळा. बाहेर आलेला लगदा आपल्याला दिसतो. तेवढाच आतही गेलेला असतो. तो सुटून तेलाच्या वाटेत अडकला तर गळती बरी म्हणायची वेळ येते.

ज्या गाड्यांत तेलाची टाकी वेगळी, वर असते, तिथे आणखी एक भानगड. पंप झिजला, किंवा ट्रायम्फच्या पंपातली गोळी नीट बसली नाही, की उभ्या गाडीत टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. महिन्याभराने किक मारली की ब्रीदरमधून पिचकारी! अशा वेळी आधी खालचा नट काढून तेल भांड्यात घ्यावं, स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत ओतावं. काहीजण तेलाच्या नळीला सरळ तोटी बसवतात. मी तरी बसवणार नाही. ती उघडायला एकदा विसरलात की थोड्याच वेळात इंजिन जाम.

आणि पावसाळ्यात ब्रीदरच्या तोंडाशी पांढरं, लोण्यासारखं काही दिसलं तर घाबरू नका. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या इंजिनातलं पाणी उडून जात नाही, तेच तेलात घुसळलेलं असतं. रविवारी अंबोलीपर्यंत एक फेरी मारून या, आणि परत आल्यावर नळी पुन्हा एकदा बघा.